पिशवीत मावेल असा संगणक

परवा आमच्या भाचीचा फोन आला. मडगावला नोकरीला लागून तिला अजून वर्षही झालेलं नाही. "मामा, मला एक लॅपटॉप घ्यायचाय. ३५ हजारांच्या आत. आईला घेऊन फिरायला जायचंय, फोटो ठेवायचेत, गाडीत बसून सिनेमे बघायचेत. बाकी काही काम नाही त्याच्यावर. कुठला घेऊ?"

मी संगणकातला तज्ज्ञ नव्हे. पण घराण्यात पहिला लॅपटॉप मी घेतला होता, त्यामुळे हा मान अजून माझ्याकडे आहे. मी सवयीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली, तर तिने मध्येच थांबवलं. "मामा, इतिहास नको रे, मॉडेलचं नाव सांग." नाव काही मला सांगता आलं नाही. दर सहा महिन्यांनी ती नावं बदलतात. इतिहास मात्र बदलत नाही, आणि माझा अनुभव असा की, स्वस्त आणि हलका संगणक घेताना माणूस ज्या चुका करतो त्या सगळ्या याआधी कुणीतरी करून ठेवलेल्या असतात. त्यातली एक मी स्वतः केली आहे. ती शेवटी सांगतो. आधी इतिहास. भाचीने वाचला तर बरंच.

तिने जे मागितलं ते तिच्या आधी एका माणसाने जवळजवळ त्याच शब्दांत मागितलं होतं. त्याचं नाव ॲलन के. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तो काम करत होता. १९७२ साली त्याने एक निबंध लिहिला. वहीएवढा, दोन किलोच्या आत वजन असलेला आणि ५०० डॉलरच्या आसपास मिळणारा एक संगणक असावा, तो मुलांच्या हातात द्यावा, त्यावर त्यांनी वाचावं, चित्रं काढावीत, संगीत करावं, झाडाखाली बसून खेळावं असं त्यात होतं. या कल्पनेला त्याने 'डायनाबुक' असं नाव दिलं होतं. तेव्हा संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीत पांढरे कोट घालून सांभाळायची वस्तू. पुढे १९७५ साली आयबीएमने '५१००' नावाचा उचलून नेता येणारा संगणक काढला, त्याचं वजन होतं सुमारे २५ किलो आणि किंमत ८,९७५ डॉलरपासून पुढे. म्हणजे उकड्या तांदळाची एक गोण काखेत मारून चालायचं, आणि वर घर गहाण ठेवायचं! के साहेबांची वही आणि बाजारातली गोण यांच्यात हे एवढं अंतर होतं. पुढच्या पन्नास वर्षांची गोष्ट म्हणजे हे अंतर कापण्याची गोष्ट आहे.

अंतर कापायला सुरुवात केली ती आपल्या दक्षिणेत वाढलेल्या एका माणसाने. ॲडम ऑसबॉर्न. जन्म १९३९, बँकॉक. वडील इंग्रज, आई पोलिश. वडील आर्थर ऑसबॉर्न हे रमण महर्षींचे भक्त. दुसऱ्या महायुद्धात वडील जपान्यांच्या कैदेत अडकले, आणि आई मुलांना घेऊन तिरुवण्णामलईला महर्षींच्या आश्रमाजवळ राहिली. ॲडमचं शाळकरी वय तिथे आणि कोडाईकनालला गेलं. मग इंग्लंड, मग अमेरिका. तिथे त्याने संगणकाची पुस्तकं छापायचा धंदा केला, तो मोठ्या प्रकाशकाला विकला, आणि आलेल्या पैशांतून १९८१ साली 'ऑसबॉर्न १' हा संगणक बाजारात आणला.

हा संगणक दिसायला हुबेहूब आपल्याकडच्या हातशिलाईच्या मशीनच्या पेटीसारखा होता. वर मूठ, झाकण काढलं की तेच झाकण म्हणजे कीबोर्ड. वजन सुमारे ११ किलो. पडदा केवढा? पाच इंच! आज आपल्या खिशातल्या मोबाइलचा पडदा त्याहून मोठा असतो. एका ओळीत एका वेळी ५२ अक्षरं दिसायची, पुढचं वाचायला पडदा आडवा सरकवावा लागे. बॅटरी नाही, म्हणजे जाल तिथे आधी भिंतीवरचं प्लग शोधायचं. पण विमानात सीटखाली बसेल अशा बेताने तो घडवलेला होता. आणि त्याच्यासोबत लिहिण्याचं, हिशेबाचं अशी दीड हजार डॉलरची म्हणावीत एवढी सॉफ्टवेअर फुकट मिळत. किंमत १,७९५ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण १५,५०० रुपये.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागेल.

लोकांनी उड्या टाकल्या. महिन्याला दहा हजार नग खपायची वेळ आली. आणि दोन वर्षांत, सप्टेंबर १९८३ मध्ये, कंपनीचं दिवाळं वाजलं. असं सांगतात की, पुढचं सुधारलेलं मॉडेल येतंय अशी बातमी ऑसबॉर्नने आधीच फोडली, मग जुनं घेईल कोण? दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला आजही 'ऑसबॉर्न परिणाम' म्हणतात. कारणं आणखीही होती असं म्हणणारे अभ्यासक आहेत. कॉम्पॅकसारखे स्पर्धक आयबीएमशी जुळणारे संगणक घेऊन आले होते, हे तर खरंच. ऑसबॉर्न शेवटी आजारी होऊन कोडाईकनालला बहिणीच्या घरी परत आला आणि २००३ साली तिथेच वारला. उचलून नेता येणारा संगणक जगाला विकणारा माणूस शेवटी लहानपणीच्या डोंगरावर, बहिणीच्या आधाराला आला. मला ही गोष्ट वाचल्यापासून विसरता आलेली नाही.

ऑसबॉर्नच्या पाठोपाठ दोन वाटा फुटल्या, आणि दुकानात गेलात तर आजही त्याच दोन वाटा समोर येतात.

पहिली वाट श्रीमंतांची. १९८२ साली 'ग्रिड कंपास' आला. बिल मॉगरिज या इंग्रज डिझायनरने तो घडवला. शिंपल्यासारखा उघडमिट होणारा, पडदा कीबोर्डवर मिटणारा. आज आपण ज्याला लॅपटॉप म्हणतो तो आकार इथला. मॅग्नेशियमची पेटी, किंमत ८,१५० डॉलर. अमेरिकेच्या अंतराळयानातून तो फिरून आला. आपल्याला परवडायचा प्रश्नच नव्हता, पण पुढे चाळीस वर्षं सगळ्यांनी उचलला तो हाच आकार.

दुसरी वाट कामापुरत्या यंत्राची. १९८३ चा 'टीआरएस-८० मॉडेल १००'. जपानच्या क्योसेराने बनवलेला, अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत विकलेला. वजन दीड किलोच्या आत. पडद्यावर फक्त आठ ओळी, प्रत्येकीत ४० अक्षरं. पण भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले चार साधे सेल घातले की तो वीसेक तास चालायचा! आणि आत मोडेम होता. पत्रकार त्यावर जीव टाकत. सभेतच बातमी टाइप करायची, टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि कचेरीत पाठवून द्यायची. तो रंगीत नव्हता, गाणी वाजवत नव्हता, देखणा तर नव्हताच. पण कीबोर्ड चांगला, बॅटरी भरवशाची, आणि दाबलं की क्षणात चालू. फिरतीवरच्या माणसाला नेमकं काय लागतं हे ज्याला कळलं त्याने बनवलेली ती वस्तू होती. भाचीला मी हे पहिलं सांगेन, की यादीतल्या मोठमोठ्या आकड्यांनी फसू नकोस, तुझ्या प्रवासात त्यातलं काय चालणार आहे तेवढं बघ.

मधला काळ भराभर सांगतो. १९८५ साली तोशिबाचा 'टी११००' आला, चार किलोंचा, बॅटरीवर चालणारा आणि आयबीएमची सॉफ्टवेअर चालवणारा. १९८९ साली त्याच कंपनीने जपानात २.७ किलोंचं एक यंत्र काढलं आणि त्याला थेट 'डायनाबुक' असंच नाव दिलं. म्हणजे के साहेबांची वही, पण खरीखुरी, दुकानात मिळणारी. (तोशिबाचा हा धंदा पुढे शार्पने घेतला आणि २०१९ मध्ये अख्ख्या कंपनीचंच नाव डायनाबुक झालं!) त्याच १९८९ साली ॲपलचा 'मॅकिंटॉश पोर्टेबल' आला, सात किलोंचा, कारण आत मोटारगाडीत असते तशा शिशाच्या जातीची बॅटरी होती. तो आपटला. १९९१ मध्ये त्यांनीच 'पॉवरबुक' काढला, त्यात कीबोर्ड मागे पडद्याकडे सरकवला आणि पुढे मनगट टेकायला जागा दिली. एवढीशी युक्ती, पण आज जगातल्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये ती आहे. त्याच १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. फिरत्या संगणकाला खरे पाय फुटले ते या बॅटरीमुळे. ज्यांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९९६ ला तोशिबाने 'लिब्रेटो' काढला, ८४० ग्रॅमचा, एखाद्या जाड कादंबरीएवढा. पण लहान यंत्र म्हणजे महाग यंत्र हे तेव्हाचं समीकरण होतं. आज हे सांगितलं तर नवीन मुलांना खरं वाटत नाही. स्वस्त हवा तर मोठा डेस्कटॉप घ्या, लहान हवा तर दुप्पट पैसे मोजा. आमच्या गोव्यात २००० नंतरच्या त्या वर्षांत सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक येऊ लागले, तेही सगळे टेबलावरचेच. कितीतरी घरांत तो हॉलमध्ये, देवाच्या फोटोखाली, विणलेल्या रुमालाने झाकून ठेवलेला असायचा. वाळपईच्या एका घरात तर मी त्याला दसऱ्याला आंब्याचं टाळं बांधलेलंही पाहिलं आहे. तो घराचा होता, पण पिशवीचा नव्हता.

लहान म्हणजे महाग हे समीकरण मोडलं ते एका फसलेल्या स्वप्नाने. जानेवारी २००५ मध्ये दावोसला निकोलस निग्रोपॉंटे या अमेरिकी प्राध्यापकांनी जाहीर केलं की, ते गरीब देशांतल्या मुलांसाठी १०० डॉलरचा लॅपटॉप बनवणार. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हस्ते त्याचा नमुना दाखवला. हिरवापांढरा, बाजूला वीज तयार करायची फिरकी. अन्नान यांनी फिरकी फिरवली आणि ती हातात आली! २००७ अखेर प्रत्यक्ष यंत्र तयार झालं तेव्हा फिरकी नव्हती आणि किंमतही १०० नव्हे, दोनशेच्या जवळ गेली होती. भारत सरकारने २००६ मध्येच नकार कळवला होता. तरीही आपल्या शेजारी, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाच्या धनगरवाड्यावर, सुमारे वीस मुलांच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ही हिरवी यंत्रं पोचली होती. निग्रोपॉंटे एक गोष्ट नेहमी सांगत. कंबोडियातल्या एका खेड्यात मुलांना लॅपटॉप घरी नेऊ दिले तेव्हा आया खूश झाल्या, कारण त्या घरातला सगळ्यात लख्ख उजेड त्या पडद्याचा होता.

त्या यंत्राचा पडदा मात्र अस्सल होता. मेरी लू जेप्सन या बाईंनी तो घडवला. भर उन्हात वाचता येई, कारण उजेड परतवून तो काळ्यापांढऱ्यात दिसे. आज महागड्या लॅपटॉपवर दुपारी बागेत बसून फोटो बघायला जा, आपलंच तोंड दिसतं. गरिबांसाठी केलेली ही सोय श्रीमंतांच्या यंत्रात अजून सर्रास आलेली नाही.

पण या १०० डॉलरच्या घोषणेने तैवानातल्या कंपन्यांची झोप उडाली. एवढ्या स्वस्तात खरंच होत असेल, तर आपण का करू नये? जून २००७ मध्ये एसुसने 'ई पीसी' जाहीर केला, ऑक्टोबरात तो तैवानच्या बाजारात आला. सात इंच पडदा, ४ जीबीची फ्लॅश डिस्क, ५१२ एमबी मेमरी, लिनक्स, आणि वजन एक किलोच्या आत. अमेरिकेत किंमत ३९९ डॉलर. तेव्हाच्या दराने किती? साधारण १५,७०० रुपये!

आता मघाचा आकडा आठवा. १९८१ चा ऑसबॉर्न सुमारे १५,५०० रुपये, २००७ चा ई पीसी १५,७००, आणि २०२३ मध्ये रिलायन्सने जिओबुक काढला तो १६,४९९ ला, ९९० ग्रॅमचा. बेचाळीस वर्षांत रुपयातला आकडा जवळजवळ हललाच नाही. (पहिले दोन नुसत्या डॉलरच्या हिशेबाने. इथला कर आणि जकात वेगळी.) हललं ते रुपयाचं वजन. आमची आई कुठलीही किंमत सोन्यात मोजायची, तसं मोजून बघा. १९८१ साली दहा ग्रॅम सोनं साधारण १,८०० रुपये होतं, म्हणजे ऑसबॉर्न घ्यायचा तर आठ तोळ्यांहून जास्त मोडावं लागलं असतं. २००७ ला सोनं १०,८०० च्या आसपास, म्हणजे ई पीसी दीड तोळ्याला. आणि २०२३ ला साठ हजारांच्या हिशेबाने जिओबुक पावणेतीन ग्रॅमला. आठ तोळ्यांच्या पाटल्यांपासून कानातल्या कुडीपर्यंत. के साहेबांचं स्वप्न पुरं झालं म्हणायचं ते इथे.

मग प्रश्न असा की, २००८-०९ मध्ये ज्या नेटबुकांनी (हे नाव इंटेलने २००८ मध्ये प्रचारात आणलं) दुकानं भरून गेली, ती २०१३ पर्यंत नाहीशी का झाली? एसुस आणि एसर या दोघांनीही त्या सुमाराला ती बनवायचं थांबवलं. एक कारण सगळे सांगतात, की २०१० मध्ये आयपॅड आला. ते खरं आहे, पण अर्धंच. दुसरं कारण असं की, ही यंत्रं चांगली व्हावीत अशी ती बनवणाऱ्यांच्या वरच्यांची इच्छाच नव्हती. स्वस्त नेटबुक फार चांगला झाला तर महाग लॅपटॉप घेईल कोण? म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी स्वस्तात दिली, पण पडदा एवढाच, मेमरी एवढीच अशा अटी घालून. २००९ मध्ये विंडोज ७ ची 'स्टार्टर' आवृत्ती दिली, तिच्यात मागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. आपल्या लॅपटॉपवर आपल्या लेकराचा फोटो लावायला मनाई! स्वस्त घेणाऱ्याला तू स्वस्त घेतलं आहेस याची रोज आठवण करून द्यायची, हा धंद्याचा जुना रिवाज. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक'चा नारा दिला, हलका पण हजार डॉलरच्या घरातला. म्हणजे लहान ते महाग ही वाट पुन्हा उघडली.

आपल्याकडेही या काळात प्रयोग झाले. बंगळूरचा 'सिम्प्युटर' २००४ मध्ये बाजारात आला आणि विरला. ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' टॅबलेटचा मोठा गाजावाजा झाला. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता, पण बोट दाबून दाबून दुखावं असा पडदा आणि जेमतेम २५६ एमबी मेमरी. स्वस्ताईला खालची एक मर्यादा असते. तिच्या खाली गेलं की वस्तू स्वस्त राहत नाही, फुकट जाते.

आता माझी चूक.

२००९ साली मी एक नेटबुक घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हे, माझा. दहा इंची, सव्वा किलोचा. त्याच वर्षी दिवाळीनंतर आईला आणि मावशीला घेऊन कोकण रेल्वेने कोचीला गेलो. आईची फार वर्षांची इच्छा. सोळाव्या शतकात गोव्यातून जी सारस्वत कुटुंबं दक्षिणेला गेली, त्यांचं मट्टांचेरीला तिरुमल देवस्वम आहे. ते तिला बघायचं होतं. आमच्या घरी वाचणं-लिहिणं मराठीत आणि बोलणं कोंकणीत. देवळाच्या बाहेर एक म्हातारी बसली होती, तिला आईने सरळ विचारलं, "अगे, तूं खंयची?" ती म्हणाली, "हांगाचीच." उच्चार निराळा, हेल निराळा, पण शब्द आपले. चारशे-साडेचारशे वर्षांची ताटातूट, आणि दोघी पाच मिनिटांत नातवंडांबद्दल बोलत होत्या. एकीला दुसरीचं निम्मं कळत नव्हतं, तरी हसत होत्या. एकमेकींचे हात धरलेला त्यांचा फोटो मी काढला. आईचे मी काढलेले जे काही फोटो आहेत त्यातला तो सगळ्यात चांगला होता.

'होता' म्हणतो. रोज रात्री लॉजवर मी कॅमेऱ्याचं कार्ड नेटबुकात रिकामं करायचो आणि कार्ड पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचो. एक कार्ड, एक नेटबुक. केवढी सोय! परत आल्यावर आज टाकू, उद्या टाकू म्हणत फोटो सीडीवर टाकायचे राहिले. जूनमध्ये पावसाळा लागला. गोव्यातला पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी, कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी. त्यातच एक दिवस नेटबुकची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून घेतला आणि परत दिला. बहिणीला मेलने पाठवलेले ११ फोटो तेवढे वाचले. त्यात तो नव्हता. आई २०१२ मध्ये गेली.

आज जिच्यासाठी हा लॅपटॉप घ्यायचा आहे, ती माझी तीच बहीण. भाचीची आई.

म्हणून आता तिला सांगण्यासारखं थोडक्यात. आधी वजन. दीड किलोच्या आत, पडदा १३ ते १४ इंच. १५.६ इंची स्वस्त मिळतात, पण दुसऱ्या दिवशी ते खोलीतच राहतात. पडदा आयपीएस जातीचा आणि फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा घे, कारण गाडीत शेजारी आई बसणार आहे, आणि हलक्या प्रतीचा पडदा बाजूने बघितला की फिका पडतो. मेमरी कमीत कमी ८ जीबी, आणि ती पुढे वाढवता येते का हे विचार. डिस्क एसएसडी, २५६ जीबी तरी. स्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' लिहिलेलं असेल तर दोन पावलं मागे ये, ती मोबाइलच्या जातीची मंद साठवण, आणि बहुधा बदलता येत नाही. हिशेब साधा आहे, आठ दिवसांच्या सहलीत दीड हजार फोटो काढलेस तर सात-आठ जीबी लागतील. फोटोंना जागा पुरते, खाऊन टाकतात ते व्हिडिओ आणि सिनेमे.

बॅटरीचे 'तास' जाहिरातीत वाचू नकोस, वॅट-अवर बघ. पन्नासच्या आसपास असले की चांगलं. (विमानात १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या बिनपरवानगी हातसामानातून नेता येतात, लॅपटॉपची बहुधा त्याच्या आतच असते.) यूएसबी-सीवर चार्ज होणारा मिळाला तर मोबाइलचा आणि त्याचा चार्जर एक होतो. कीबोर्डवर दुकानात उभं राहून एक पानभर मराठी लिहून बघ. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

३५ हजारांत नवा मनासारखा मिळाला नाही, तर ऑफिसांतून निघालेले, तपासून विकायला ठेवलेले चांगल्या बांधणीचे लॅपटॉप मिळतात, तेही वाईट नव्हेत. पण विंडोज १० ची सुरक्षा अद्ययावत ठेवण्याची मुदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवली, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालतो का हे बघूनच घे. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या अलीकडचा नको. आणि बॅटरी नवी घालून माग.

"अलीकडचा" म्हणजे जुना. उगाच घोळ नको, आठवी किंवा त्यानंतरची पिढी घे.

आणि शेवटचं, जे कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. ३५ हजारांतले चार-पाच हजार बाजूला काढ आणि बाहेरून जोडायची एक डिस्क घे. रोज रात्री फोटो दोन ठिकाणी ठेव. एक लॅपटॉपमध्ये, एक डिस्कवर, आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवू नकोस. घरी आल्यावर तिसरी प्रत नेटवर चढव. त्यानंतरच कार्ड पूस. लॅपटॉप ही रायबंदरची फेरीबोट आहे असं समज. चोडणला पोचायला तिच्यासारखी सोय नाही, पण तिच्यात कुणी घर करून राहत नाही.

मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, त्या डिस्कचं नाव तरी सांगशील?"

तेही नाही सांगितलं. पण ती दोघी निघाल्या आहेत डिसेंबरात. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आईला कोची बघायचीय. आजीने बघितलेलं देऊळ."